उजव्या हाताखालची अक्षरं

आधीच सांगून ठेवते – मी असल्या गोष्टींतली बाई नाही.

मोखाड्याच्या वर, सूर्यमाळच्या पलीकडे आमचा पाडा. तिथं पोराला ताप आला की आधी भगत आणि मग दवाखाना, अशी रीत. त्या पाड्यावरची पहिली पदवीधर मी. बी.एस्सी. हे मिरवायला सांगत नाही... म्हणजे थोडं मिरवायलाच सांगते, का नाही सांगू? उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या घरातली पोरगी मी. जव्हारला वसतिगृहात राहिले, शिकले, कोणाच्या वशिल्याशिवाय. भगताच्या दारात मी कधी बसले नाही. अंगात आलेल्या बाईला कधी हात जोडले नाहीत. त्यावरून आईची नि माझी भांडणंसुद्धा झाली. आणि विलक्षण अनुभवांच्या या सदरात लोक जे लिहितात, ते वाचून मी हसायचे.

आता माझंच लिहिते. जसं घडलं तसं. ज्याला हसायचं असेल त्यानं हसावं, मी समजू शकते.

२००३ चा उन्हाळा. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. जव्हारच्या एसटी स्टँडजवळ एका खोलीत माझं टायपिंग आणि कॉम्प्युटरचं काम चालायचं. मशीन एकच, पण नवं. अर्ज, दाखले, लग्नपत्रिका, शिक्षकांची कागदपत्रं – सगळं मराठीत टाइप करून द्यायचे. हे मला शिकवलं भास्कर सरांनी.

सर खरं तर मास्तर नव्हेत. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. त्यांच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. साहेब म्हणाले, भास्कर, तू बस. सर बसले ते पुढं दहा-बारा वर्षं त्याच कीबोर्डवर. ते मशीन पुढं भंगारात निघालं, तेव्हा साहेबांची रीतसर परवानगी घेऊन सरांनी तेवढा कीबोर्ड घरी आणला. चहाच्या रंगाचा, जाडजूड. टेलिफोनसारखी पिळाची वायर, टोकाला अंगठ्याएवढा गोल प्लग. इंग्रजी अक्षरांच्या शेजारी लाल रंगात मराठी अक्षरं कोरलेली. वजन असं, की सर म्हणायचे, "सुमन, घरात चोर शिरला तर हा फेकायचा. पंचनाम्याला तोच लागेल."

मला त्यांनी याच कीबोर्डवर शिकवलं. तेही कॉम्प्युटरशिवाय. कीबोर्ड माझ्या मांडीवर, वायर जमिनीवर लोळतेय, आणि सर डोळे मिटून खुर्चीत. "आधी बोटांना पाठ, मग पडद्याला," हे त्यांचं वाक्य. त्या कळींचा आवाज मोठा, खट् खट् असा. सर नुसत्या आवाजावरून सांगायचे, "आता डावी करंगळी चुकली." आतल्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या सरांच्या बायकोला, काकींनासुद्धा तो आवाज पाठ झालेला. "आज पोरीचा उजवा हात रेंगाळतोय," असं त्या आतून ओरडायच्या.

डावा-उजवा हात लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे. मराठीच्या त्या मांडणीत डाव्या हाताखाली काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार. आणि क, च, त, प, र, ब अशी जवळजवळ सगळी अक्षरं उजव्या हाताखाली. डाव्या हाताला दोन-तीनच अक्षरं येतात, न, म अशी. म्हणजे अक्षराचं अंग उजवा हात देतो नि दागिने डावा हात घालतो. एकाचा दुसऱ्याशिवाय शब्द होत नाही.

आणखी एक. खंडेनवमीला शेतकरी कोयता, नांगर पुजतो, तसं सर हा कीबोर्ड पुजायचे. पण पालथा घालून. पाठीवर हळदकुंकू, पाठीवर फूल. मी विचारलं तर म्हणाले, "सरळ ठेवला तर कळींत भुकटी जाईल. देवाला काय, पुढून काय नि पाठून काय." कचेरीत होता तेव्हापासून दर वर्षी असंच. पाठीवर एका जागी कुंकवाचा नुसता डोंगर झाला होता.

असो. त्या वर्षी होळी झाली आणि पंधरवड्यात सरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. नाशिकला नेलं, बरेच दिवस ठेवलं, परत आणलं. सर पलंगावर बसवले तर बसायचे, भरवलं तर गिळायचे. डोळे उघडे, पण कोणाकडे बघतायत ते कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, यांना किती समजतं ते आम्ही सांगू शकत नाही.

मूलबाळ नाही. काकी एकट्या. सरांचा धाकटा भाऊ मधुकर नाशिकला नोकरीला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. दर रविवारी यायचा, औषधं आणायचा. पण त्याचं ठरलं होतं. नाशिकला रुग्ण सांभाळणारी एक संस्था होती, तिथं दादाला ठेवायचं.

"वहिनी, तुम्हाला त्याला कूससुद्धा बदलता येत नाही. इथं लाइट नाही, पाणी नाही, रात्री काही झालं तर डॉक्टर नाही."

"आणि मी कुठं राहायचं, भाऊजी?"

"तुम्हाला तिथं ठेवून घेत नाहीत. तुम्ही इथं राहा, नाहीतर माहेरी. महिन्यातून एकदा भेटायला आणेन की मी."

"ह्यांना सगळं कळतंय. ह्यांना विचारा ना."

"काय विचारू? कोणाला विचारू?" मधुकर पलंगाकडे हात करून म्हणाला. त्याचाही आवाज फाटला होता. "दादा आत असता तर मी त्याला कशाला हलवलं असतं?"

पुढच्या रविवारी जीप घेऊन येतो, असं सांगून तो गेला. काकी भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सुमन, ह्यांच्या हाताकडं बघ."

सरांचा डावा हात गोधडीवर होता. बोटं हलत होती. मी आधी थरथर समजले. डॉक्टरही तसंच म्हणाले होते – झटके येतात, त्याला अर्थ नसतो. पण मी बघत राहिले. करंगळी, मधलं, परत करंगळी, पहिलं बोट आत. मी याच माणसाकडून शिकले होते, मला ती चाल ओळखू येणार नाही? सर टाइप करत होते. गोधडीवर.

धावत जाऊन माझ्या दुकानातला कीबोर्ड आणला, सरांच्या मांडीवर ठेवला. सरांनी बोटं टेकवली... आणि हात काढून घेतला. परत ठेवला, परत काढला. तो नवा कीबोर्ड चपटा, मऊ, बिनआवाजाचा. त्यांच्या बोटांना ते घर ओळखीचं वाटेना. मग काकींनीच कपाटावरून तो जुना काढला, पदरानं पुसला आणि सरांच्या मांडीवर ठेवला. कशालाही न जोडलेला.

खट्. खट् खट्.

डावा हात चालायला लागला. उजवा गोधडीवर तसाच पडलेला.

काकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते बोलावं लागलं नाही. हा कीबोर्ड माझ्या मशीनला जोडायचा. रविवारच्या आत. सरांनी एक शब्द जरी पडद्यावर काढला, तरी मधुकरला दिसेल की दादा आत आहे. मला माहीत होतं की डाव्या हातानं नुसते काने-मात्रे निघतील. पण वाटलं, एकदा पडद्यावर उमटलेलं दिसलं की सर तोच हात उजवीकडे नेतील. बोटांना रस्ता शिकवता येतो.

पहिली अडचण प्लगची. जुना अंगठ्याएवढा, नव्या मशीनचं भोक करंगळीएवढं. नाशिकच्या एका हार्डवेअरवाल्याला फोन केला. त्यानं कन्व्हर्टर एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. आला तो उलटा – लहान प्लग मोठ्या भोकात घालायचा. फोनवर त्याच्यावर मी किती ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा यायला शुक्रवार उजाडला. तो बसला. मशीन चालू केलं. जुन्या कीबोर्डचे तीन दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. पडद्यावर काळ्यावर पांढरं – कीबोर्ड एरर. आणि खाली, पुढे जायला एफ-वन दाबा. कीबोर्डच नाही आणि म्हणे दाबा! इतर वेळी हसले असते.

काय नाही केलं? रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मीटर आणून वायर तपासली – चांगली. प्लगचे पाय घासले. पुढून एकेक कळ उचकटून खालची धूळ काढली. नवा कीबोर्ड लावून सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड नसला तरी मशीन थांबू नये असं करून ठेवलं, म्हणजे निदान माऊसवर विंडोज उघडेल. उघडलं. मराठीचं पान उघडलं, कर्सर लुकलुकत होता. मी कळा बडवल्या. काही नाही.

शनिवार बाजाराचा म्हणून आई पाड्यावरून उतरली होती. माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ बघत राहिली.

"किती सोलशील गं त्याला?"

"आई, तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचंच. पण बोहाड्यात बघत नाहीस का? सोंगाचा मान ज्या घराचा, मुखवटा त्याच्याच तोंडावर उभा राहतो. दुसऱ्यानं घातला तर नुसतं लाकूड."

"हे लाकूड नाही, प्लास्टिक आहे."

"मग पलास्टिकाला विचार," आई म्हणाली आणि नाचणीच्या पिठाची पिशवी ठेवून उठली.

बोहाड्याचेच, देवांच्या सोंगांच्या जत्रेचेच दिवस होते ते. रात्रभर संबळ वाजायचा, सकाळी लोक पेंगत फिरायचे. मी आईवर चिडले होते. पदवी घेतली ती असलं ऐकायला नव्हे.

रविवारी सकाळी मी सगळं मशीन उचलून सरांच्या घरी नेलं. पडदा, डबा, यूपीएस, सगळं. म्हटलं, शेवटपर्यंत खटपट करू. पलंगासमोर टेबल लावलं. जुना कीबोर्ड सरांच्या मांडीवर. नवा कीबोर्ड मी सोबत आणला होता, पण मशीनला ती एकच जागा. म्हणून तो वायर गुंडाळून कपाटावर ठेवला. हे मी पुन्हा सांगेन. तो कपाटावर होता.

दुपारपर्यंत तसंच. सरांचा डावा हात मधूनच चालायचा, खट् खट्, आणि पडद्यावर पांढरं पान. कर्सर एका जागी. मला त्या कर्सरचा राग यायला लागला होता.

जेवणवेळ टळल्यावर जीप आली. मधुकरनं मागची सीट काढून गादी घातली होती. त्यानं आत येऊन टेबलावरचा पसारा बघितला आणि चप्पल न काढता उभा राहिला.

"हे काय, सुमन?"

मी सांगितलं. बोटांचं सांगितलं, कीबोर्डचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मग? लिहिलं काही दादानं?"

"अजून जोडला जात नाहीये. पण–"

"म्हणजे नाही लिहिलं."

काकी आत निघून गेल्या. मोरीत भांडी आदळल्याचा आवाज आला. मधुकर पलंगाशी आला, वाकला. सरांच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "दादा, मी कोण? सांग ना. मी कोण ते तेवढं सांग, मी आल्या पावली परत जातो."

सर समोर बघत होते. डावा हात कळींवर नुसता ठेवलेला.

तेवढ्यात लाइट गेले. पंखा थांबला. यूपीएस ओरडायला लागला – टीं... टीं... बॅटरी जुनी होती, पाचेक मिनिटं धरायची.

"बंद कर ते," मधुकर म्हणाला. "घाटात अंधार व्हायच्या आत निघायला पाहिजे. ड्रायव्हरला बोलावतो, तू पायाकडून धर."

मी बंद करायला वाकले. बटणावर बोट होतं माझं.

आणि आवाज सुरू झाला.

खट्-खट्-खट्-खट्... सलग. भरभर. मी तो आवाज किती महिने डोळे मिटून ऐकला होता. तसा आवाज एका हातानं येत नाही. मी वळून सरांच्या मांडीकडे बघितलं. डावा हात आपल्या जागी – नेहमीच्या त्याच कळींवर, मनगट टेकलेलं, बोटं हलतायत. उजवीकडे सरकलेला नाही. उजवा हात गोधडीवर उताणा, बोटं अर्धवट मिटलेली, जसा आठवडाभर होता तसा. पण आवाज दोन हातांचा येत होता.

आतून काकी धावत आल्या. हाताला राख, पदर खोचलेला.

"ह्यांचा दुसरा हात चालायला लागला?" त्यांनी दारातूनच विचारलं. त्यांना पलंग दिसतसुद्धा नव्हता तिथून.

मधुकर पलंगाकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.

पडद्यावर लिहिलं होतं – चिंबोरा.

मला त्याचा अर्थ लागेना. आमच्याकडे खेकड्याला चिंबोरी म्हणतात, ते ठीक. पण चिंबोरा? यूपीएसचं ओरडणं जवळजवळ आलं – टीं टीं टीं. आवाज पुन्हा एकदा झाला, थोडकाच, आणि पुढं अक्षरं आली – नको.

चिंबोरा नको.

मग पडदा काळा झाला. यूपीएस गप्प. बाहेर जीपच्या ड्रायव्हरचा खोकला ऐकू आला. सरांचा डावा हात कळींवरून घसरून गोधडीवर आला आणि तसाच राहिला.

मधुकर खाली बसला. जमिनीवरच, चपलांसकट. मग म्हणाला, "नवा कीबोर्ड कुठाय?"

मी कपाटावर बोट दाखवलं. तो उठला, त्यानं तो काढून बघितला. वायर गुंडाळलेली, रबर लावलेलं. पलंगाखाली बघितलं, टेबलामागं बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. मला राग आला नाही, त्याच्या जागी मीही बघितलं असतं. आणि मी केलं असतं तरी लिहिणार काय होते? तो शब्द मला माहीतच नव्हता.

"वहिनी, दादानं तुम्हाला कधी सांगितलं होतं? चिंबोरा?"

काकींनी मान हलवली. नाही.

"शिरपामाळच्या खालच्या अंगाला आमचा ओहोळ होता," तो सांगायला लागला. कोणाला सांगत होता कोण जाणे. "मी लहान. दगडाखाली हात घातला, चिंबोरीनं बोट धरलं. दादानं सोडवलं. मी एवढा रडलो की दादा हसत सुटला. मग ओहोळावर गेलो की मला चिंबोरा म्हणायचा. मी शपथ घातली, घरात नाही म्हणायचं. त्यानं नाही म्हटलं कधी. आईलासुद्धा माहीत नव्हतं."

तो बाहेर गेला. मला वाटलं, ड्रायव्हरला बोलावतोय. त्यानं जीपमधली गादी उचलली आणि आत आणून सरांच्या पलंगाशेजारी टाकली.

"वहिनी, आज मी इथंच झोपतो," म्हणाला. "त्याला कूस बदलायची कशी ते मला दाखवा."

सर कुठंही गेले नाहीत.

आता इथपर्यंत वाचलं तर तुम्ही म्हणाल, बरं झालं, शेवटच्या क्षणी कुठली तरी वायर लागली आणि कीबोर्ड चालला. मीही तेच म्हणत होते. त्या दोन हातांच्या आवाजाचं मी मनातून काढून टाकलं – घाबरले होते, बघण्यात चूक झाली असेल, सरांनी हात उजवीकडे नेलाच असेल. स्वतःला पटवण्यात मी हुशार आहे. त्यानंतर तो कीबोर्ड पुन्हा कधी चालला नाही, तेही मी वायरवरच ढकललं.

मग खंडेनवमी आली. काकी म्हणाल्या, पूजा तू कर, ह्यांच्या समोर कर. मी कीबोर्ड पालथा घातला. पाठीवरचा तो कुंकवाचा डोंगर बघून मला वाटलं, नवं लावायच्या आधी जरा साफ करू. खोबरेल लावून ठेवलं आणि चमच्याच्या दांड्यानं खरवडलं. तो थर अखंड निघाला. लाखेच्या चकतीसारखा, आतून काळपट, वरवर लाल. तेल, हळद, कुंकू, दर वर्षी एकावर एक.

त्याच्याखाली एक खाच होती. खाचेत बारीक पिन, इकडून तिकडे सरकणारी. एका टोकाला इंग्रजी एक्स, दुसऱ्या टोकाला ए. पिन एक्सकडे होती, आणि थराच्या आतल्या बाजूला तिचा ठसा उमटलेला, जसा मेणात उमटतो. सगळ्यात जुन्या काळ्या थरात.

त्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला.

"ताई, एक्स म्हणजे पार पहिल्या जमान्यातली मशीनं. ए म्हणजे त्यानंतरची सगळी, तुमचं पण. पिन एक्सवर असेल तर तुमच्या मशीनला तो कीबोर्ड नाहीच. दगड आहे दगड."

"एखादं अक्षर? चुकून?"

"दोघांची भाषाच वेगळी आहे हो. जाईल कसं? लिहून देऊ का?"

मी त्याच दिवशी मशीन पुन्हा सरांच्या घरी नेलं. मशीन थांबू नये म्हणून केलेलं ते सेटिंग मी केव्हाच काढलं होतं; आधी एक्सवरच ठेवून लावलं. कीबोर्ड एरर. मग चमच्याच्या टोकानं पिन ए-कडे सरकवली, कट् असा आवाज झाला. मशीन चालू केलं. दिवे लागले, लागलेलेच राहिले. मी क दाबला, क आला. प दाबला, प आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं – एवढंच होतं! एवढी एक पिन! एप्रिलमध्ये हे कळलं असतं तर...

आणि मग डोक्यात लख्ख झालं. एप्रिलमध्ये पिन कुठं होती?

हातात कुंकवाची चकती होती. ठसा एक्सचा.

कीबोर्ड सरांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डावा हात टेकवला. बोटं चालायला लागली, खट् खट्, आणि पडद्यावर भराभर उमटायला लागलं. काने. मात्रे. वेलांट्या. उकार. अनुस्वार. मधेच एखादा न. ओळीच्या ओळी. अंग नसलेले नुसते दागिने. शब्द म्हणून एकही नाही. सर लिहीत राहिले आणि ते येत राहिलं.

काकी माझ्या खांद्यामागून बघत होत्या.

"हे काय गं?"

"काकी, आता तो नीट चालतोय. दुरुस्त झाला."

"हे नीट?" काकींनी विचारलं.

डावा हात जे देऊ शकतो तेच कीबोर्ड देत होता. नियमानं. तो आता माझ्या शास्त्रानं वागत होता, आणि त्यातून सर बाहेर येत नव्हते.

"होता तसा कर," काकी म्हणाल्या. रागानं नाही. "होता तसा करून दे त्यांना."

मी वायर काढली. पिन एक्सकडे सरकवली. कीबोर्ड पालथा घालून काकींनी स्वतः त्या खाचेवर कुंकू लावलं, बोटानं दाबून.

सर त्यानंतर दोनेक वर्षं होते. जव्हारच्याच घरात, त्याच पलंगावर. मधुकर दर शनिवारी मुक्कामाला यायचा. पावसाळ्यात येताना चिंबोऱ्या घेऊन यायचा, काकी कालवण करायच्या, तो दादाला चमच्यानं रस्सा भरवायचा. जुना कीबोर्ड न जोडता सरांच्या मांडीवर असायचा. काकी सांगायच्या, कधीकधी संध्याकाळी त्या चुलीपाशी असल्या की बाहेरून दोन्ही हातांचा आवाज यायचा. बघायला गेल्या की थांबायचा. मी मात्र परत कधी ऐकला नाही. सर गेले तेव्हा मधुकर त्यांच्या डाव्या अंगाला होता.

कीबोर्ड काकींनी मला दिला. माझ्या दुकानात आता चार मशीनं आहेत, पोरी शिकायला येतात, मोखाड्याच्या पाड्यांवरच्यासुद्धा. त्यांना मी पिनचं सगळं समजावून सांगते – एक्स काय, ए काय, कुठली मशीनं कुठल्या भाषेत बोलायची. हे मला पूर्ण समजतं. त्या एप्रिलच्या दुपारी समोरच्या पडद्यावर अक्षरं कुठून आली, ते समजत नाही. चकती मी जपून ठेवली आहे. कितीदा उजेडात धरून बघते, ठसा बदलत नाही.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती म्हणेल, विचारलंस ना पलास्टिकाला?

खंडेनवमीला मी तो कीबोर्ड पालथा घालते. पाठीवर हळदकुंकू वाहते. पिन एक्सकडेच आहे ना, ते आधी नखानं चाचपून बघते आणि मग खाचेवर कुंकू दाबते. सरकू नये म्हणून.